निळा घालू नका

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मिल्टनमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या शेजारी, बाबांच्या पत्रकांची खोकी रचलेली असत. काही त्यांनी पुण्याहून या देशात येताना सामानात घालून आणली होती, बाकीची इथे लिहिली. दिवसा ते पाण्याच्या पंपांची डिझाइनं करायचे आणि जेवणं झाली की त्याच टेबलावर कागद पसरून बसायचे. हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला जाऊ नका. पत्रिका पाहून मुलगी ठरवणाऱ्या इंजिनिअरांना चार प्रश्न. गणपतीच्या कार्यक्रमाला, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या दाराशी उभं राहून ते ती वाटायचे. लोक हसून घ्यायचे आणि आत गेल्यावर त्यात प्रसादाचा लाडू गुंडाळायचे. बाबांना त्याचं काही वाटत नसे. लाडू संपल्यावर कागद हातात उरतोच, असं त्यांचं म्हणणं.

घड्या घालायचं काम आईचं. ती कागद समोर घ्यायची, दोनदा दुमडायची आणि प्रत्येक दुमडीवरून स्टीलच्या वाटीचा काठ फिरवायची. तिच्या घड्या छापखान्यातल्यासारख्या धारदार असत. मजकुराबद्दल ती कधी बोलली नाही. बाबा लिहिणारे, आई दुमडणारी, आणि मी वाचून पेटणारी, अशी आमच्या घरातली वाटणी होती.

मला सगळ्यात आवडणारं पत्रक कुंकवाचं. नवरा गेला म्हणून बाईने कपाळ का पुसायचं, असा त्यात सरळ सवाल होता. शाळेत असताना मी ते इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात भाषण म्हणून पाठ म्हटलं, हात वर करून. टाळ्या वाजल्या नाहीत. निवेदन करणाऱ्या काकूंनी घाईघाईने लहान मुलींचा कोळीनाच पुकारला.

पुढे बाबा गेले, आणि सगळं आटोपल्यावर आईने टिकली लावणं बंद केलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी ती चहा करत होती आणि तिचं कपाळ मोकळं होतं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते बरंचसं त्या पत्रकातलंच होतं. आई चहा गाळत राहिली.

तिच्या टिकल्या मात्र वरच्या वॉशरूमच्या आरशावर तशाच राहिल्या. झोपण्यापूर्वी कपाळावरची काढून आरशाच्या कडेला चिकटवायची आणि सकाळी तिथूनच घ्यायची, ही तिची कायमची सवय. लाल, मरून, काळ्या, एक-दोन निळ्या, हिरव्या. आरसा पुसताना ती त्यांच्याभोवतीने फडकं फिरवायची. एकही काढून टाकली नाही आणि एकही लावली नाही. दात घासताना माझी उंची अशी यायची की वरच्या रांगेतली एखादी माझ्याच कपाळावर दिसायची. मी बाजूला सरकून दात घासायचे, कारण टिकली न लावणं हे माझंही तत्त्व होतं, पण ते वेगळ्या कारणासाठी.

*

रसायनशास्त्राची डिग्री घेऊन मी घरी बसले होते. मंदीचे दिवस होते, जिथे अप्लाय करावं तिथून उत्तरच येत नव्हतं. अशात मला एका डगेरोटाइप स्टुडिओत काम मिळालं. घरापासून अर्ध्या तासावर, डोंगरकड्याच्या पलीकडच्या एका खेड्यात गुरांच्या खाद्याचं जुनं दुकान होतं. त्याची उत्तरेची भिंत पाडून काचा बसवलेल्या. मालकीण साठीच्या पुढची, उंच, बोलकी. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर तिने हा उद्योग मांडला होता. तेव्हा जो तो खिशातून फोन काढून पटापट फोटो काढायला लागला होता, आणि ही बाई दिवसाला एखाद-दुसरा फोटो काढायची.

फिल्म आणि कागदावरचा फोटो येण्याआधीची ही पद्धत. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा असतो. तो घासायचा, म्हणजे नुसता चमकवायचा नाही, आरसा होईपर्यंत घासायचा. माझा निम्मा पगार त्या घासण्याचाच होता. मग अंधारात तो आयोडीनच्या वाफेवर धरायचा. चांदी पिवळी होते, मग गुलाबी, आणि तेवढ्यात उचलायची. आता त्या पत्र्याला उजेड कळतो. कॅमेऱ्यात घालून माणसासमोर उघडायचा. जुन्या काळी यानंतर तो गरम पाऱ्याच्या वाफेवर धरत आणि त्या वाफेत चेहरा उमटत असे. ती वाफ घेऊन घेऊन या धंद्यातल्या लोकांचे हात कापायला लागायचे. पहिल्याच दिवशी मी मालकिणीला बजावलं की पारा असेल तर मी येणार नाही. तिने मला खालीवर पाहिलं आणि म्हणाली, तिलाही मरायची घाई नाही. ती दुसरी रीत वापरायची. पत्रा लाल काचेखाली उन्हात ठेवायचा, आणि दुपारभरात चित्र आपोआप वर येतं. फक्त कॅमेऱ्यासमोर जास्त वेळ स्थिर बसावं लागतं.

त्या धंद्याबद्दल वाचायला मी बेसमेंटमधल्या सवयीने लागले, म्हणजे रागावायला काही सापडतं का ते बघत. सापडलं ते आधी आवडण्यासारखंच. दीडशे वर्षांपूर्वी इकडे लहानलहान गावांतसुद्धा असे स्टुडिओ होते. घड्याळं दुरुस्त करणारे, दात काढणारे लोक जोडधंदा म्हणून हे काम करायचे. आणि गिऱ्हाइकं कोण, तर सुतार करवत घेऊन यायचा, शिवणकाम करणारी बाई कात्री घेऊन. राजेरजवाड्यांना चित्रकार होतेच. मोची माणसाला स्वतःचं तोंड खिशात घालून घरी नेता आलं ते या पत्र्यामुळे. यावर कुणी पत्रक का काढलं नाही याचं मला नवल वाटायचं.

रागावण्यासारखंही होतं. मालकिणीने सरावासाठी माझा पहिला पत्रा काढला तो तव्यासारखा काळा आला, त्यात दोन डोळे. ती म्हणाली, पत्र्याला निळाच उजेड नीट दिसतो, तांबूस-पिवळा दिसत नाही, आणि कातडी सावळी असली की असंच होणार, हे रसायन आहे. मी म्हटलं, रसायन बरोबर आहे, पण किती वेळ बसवायचं हा आकडा तू गोऱ्या माणसांवर ठरवलास, ते रसायन नाही. यावर आमचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी तिने मला परत बसवलं, वेळ वाढवून, आणि माझा चेहरा चेहऱ्यासारखा आला. ती चूक कबूल करणाऱ्यांपैकी नव्हती. तिने फक्त डबीत घालून तो पत्रा मला दिला आणि म्हणाली, आता तुझ्या लोकांना घेऊन ये.

माझ्या लोकांसाठी तिला पत्रक हवं होतं. फोटोला येताना काय घालावं, काय घालू नये. हे मला येत होतं. आधी इंग्रजीत लिहिलं, मग संक्रांतीच्या कार्यक्रमात टेबल मांडायचं ठरलं म्हणून मराठीत. लाल घालाल तर काळा येईल. पदर उलट्या खांद्यावर दिसेल, घाबरू नका, हा पत्रा आरशासारखं उलटं दाखवतो. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरात: निळा घालू नका. या पत्र्यावर निळा रंग उरत नाही.

मालकिणीला मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, उरत नाही हे जरा जास्त होतंय. निळा फिका पडतो, फिका निळा पांढरा दिसतो, इतकंच. मी म्हटलं, फिका पडतो असं लिहिलं तर कोण ऐकेल.

गठ्ठा घरी आणला. आईने न सांगता वाटी घेतली आणि टेबलाशी बसली.

*

शेवटचा कागद दुमडून झाल्यावर तिने गठ्ठ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझाही एक फोटो काढून दे तुमच्याकडे. ह्यांच्यासारखी फजिती नको."

फजिती म्हणजे काय ते मला माहीत होतं. बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो निघाला नाही. जन्मभर ते दुसऱ्यांना पत्रकं वाटत फिरले, कॅमेऱ्यासमोर थांबले कुठे. शेवटी एका पिकनिकच्या फोटोतून त्यांचं डोकं कापून मोठं केलं. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो कापता आला नाही. आमच्या भिंतीवर बाबा आहेत आणि त्यांच्या खांद्यावर चार बोटं आहेत, आणि ती कुणाची हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. आईला तसं नको होतं. आपल्यामागे भिंतीवर राहील तो चेहरा तिला स्वतः बघून, ठरवून ठेवायचा होता. हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की जणू विंटर टायर बदलून घ्यायला सांगत होती.

मी म्हटलं, "काढू. पण टिकली लावून."

"अट घालतेस?"

"हो."

"आमची पुढारीण," आई म्हणाली आणि वाटी धुवायला उठली.

त्या आठवड्यात आमचं तेवढ्या एकाच विषयावर चाललं होतं, पण मोठ्याने नाही. मी ते कुंकवाचं पत्रक खालून आणून फ्रिजवर मॅग्नेटने लावलं. आईने ते काढलं नाही, त्याच्यावर ग्रोसरीची यादी लावली. मी म्हटलं, बाबांनी ज्या गोष्टीसाठी लोकांचे टोमणे खाल्ले ती त्यांच्याच घरात व्हावी का. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्यांनी ते लिहिलं तेव्हा ते जिवंत होते. जिवंत नवऱ्याला लिहायला सोपं असतं."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच असायचं. पण तिने पुढचा कांदा घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कांद्याचंच होतं की नाही हे ठरवता येईना, म्हणून मी उरलेले कांदे सोलायला घेतले.

रविवारी ती आपणहून म्हणाली, "बरं. लावते. पण कुठली लावायची ते मी बघेन."

मी लगेच हो म्हटलं. जिंकल्यावर बारीकसारीक मागण्या मान्य करायच्या असतात, हे मला खोक्यांतल्या पत्रकांवरूनच समजलं होतं.

*

मार्चचा पहिला आठवडा होता. आदल्या दिवशी भरपूर बर्फ पडून गेला होता आणि आकाश एकदम स्वच्छ. मालकिणीचा हा आवडता हवामानाचा प्रकार. खालून बर्फ, वरून ऊन, सगळी खोली उजेडाने भरते आणि बसणाऱ्याला कमी वेळ बसावं लागतं. मी सकाळी ड्राइव्हवे शोव्हल केला आणि आई निघाली. अंगात जाडा कोट, पायात बूट, लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. कोटाखालून साडीचा काठ बुटांवर आलेला. वाटेत आम्ही रस्त्याबद्दल बोललो.

स्टुडिओत तिने कोट काढला आणि मालकीण म्हणाली, "ओह, ब्लू."

आईने तिची आकाशी इरकल नेसली होती, लाल काठाची. बाबा त्या साडीला युनिफॉर्म म्हणायचे, इतकी ती तिच्या अंगावर असायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतः पत्रक लिहिणारीची आई, आणि निळी साडी. मी आईला मराठीत म्हटलं, अगं, लिहिलंय ना निळा घालू नका म्हणून. आई मालकिणीला इंग्रजीत म्हणाली, पांढरी आली तरी तिची काही हरकत नाही. मालकीण म्हणाली, कापड पांढरं आलं तर चेहरा उलट उठून दिसेल. दोघींचं जमलं.

मग आईने टोपी काढली. कपाळावर टिकली होती. गडद निळी, साडीपेक्षा कितीतरी गडद, आरशावरच्या वरच्या रांगेतली. दोन हिवाळ्यांनंतर तिच्या कपाळावर मी टिकली बघत होते. तरी डोक्यातल्या केमिस्टने हिशोब केला: निळी आहे, फिकी येईल, सावळ्या कपाळावर पांढुरका ठिपका. गंधाच्या ठिपक्यासारखा. चालेल.

मालकिणीने विचारलं, ह्या डॉटचा अर्थ काय असतो. मी तोंड उघडलं, कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तीन परिच्छेदांचं होतं. आई त्याआधीच म्हणाली, "सो आय नो व्हेअर इज द मिडल."

मालकीण मनापासून हसली. खुर्चीच्या मागे लोखंडी दांडा असतो, त्याला वर दोन बोटांसारखा आधार, डोकं हलू नये म्हणून मानेमागे टेकवायचा. जुन्या स्टुडिओतलं हे एकच यंत्र आहे ज्यावर माझा अजून राग आहे, पण त्याशिवाय चालत नाही. मी तो आईच्या मानेमागे बसवला. तिचा अंबाडा मध्ये येत होता, तो थोडा वर सरकवला.

"सलूनमध्ये बसवल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली.

"बोलू नकोस आता."

"बरं."

मालकिणीने झाकण काढलं. माझ्या सावळ्या पत्र्यानंतर तिने ठरवलेला वेळ, तोच तिने घेतला. घाई केली नाही. आई बसली होती. हात मांडीवर, पदर अंगाभोवती, नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर. इतका वेळ मी तिच्या चेहऱ्याकडे काही न बोलता कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलत नव्हते, पण आत काहीतरी चाललंय असं दिसत होतं, कशाच्या तरी तालावर श्वास घेत असल्यासारखं. मालकिणीने झाकण लावलं तेव्हा आईने आधी डोळे मिटले आणि मग मान हलवली.

मी विचारलं, मनात काय म्हणत होतीस, रामरक्षा का.

"ह्यांचं पहिलं पत्रक," ती म्हणाली. "हुंड्याचं. दुसऱ्या पानापर्यंत गेले."

मला ते पाठ नव्हतं. मला फक्त कुंकवाचं पाठ होतं.

*

पत्रा लाल काचेखाली खिडकीत ठेवला. लाल उजेड त्याला दिसत नाही, तरी त्याच लाल उजेडात हळूहळू चित्र वर येतं. हे मला रसायन म्हणून माहीत होतं, पण दर वेळी नवं वाटायचं. आईने डब्यातून नारळाच्या वड्या काढल्या. मालकिणीने चहा केला, आमच्या मानाने पाणीच, आणि आईने तो गुड टी म्हणून प्यायला. मालकिणीचा नवराही गेलेला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी. दोघी घराचं हीटिंग, एकटीसाठी स्वयंपाक, गाडीच्या इन्शुरन्सवरून त्याचं नाव काढताना फोनवर किती वेळ थांबावं लागलं, याबद्दल बोलत होत्या. आई माझ्याशी यातलं काही बोलली नव्हती. मी दुसरा पत्रा घासत होते आणि ऐकत होते.

दुपारी काच उचलली, पत्रा धुतला. मालकिणीने तो उजेडात तिरका धरला आणि नुसती उभी राहिली. त्या हिवाळ्यातला तिचा सगळ्यात चांगला पत्रा होता, हे तिने सांगायच्या आधी मला दिसलं. आईच्या गालावरची बारीक लव, बोटांच्या पेरांवरच्या रेघा, केसाकेसातला उजेड. आणि साडी पांढरीशुभ्र. लाल काठ काळा. आणि कपाळ मोकळं.

मी पत्रा हातात घेतला आणि सगळ्या बाजूंनी फिरवला. ठिपका नव्हता. पांढुरकाही नाही, काळाही नाही. मग लक्षात आलं. साडीचा निळा फिका होता म्हणून पांढरा आला. टिकलीचा निळा इतका गडद होता की तो पत्र्यावर नेमका आईच्या कपाळाइतकाच करडा उतरला आणि त्यात मिसळून गेला. ठरवून करायचं म्हटलं तर मला जमलं नसतं. पांढऱ्या साडीतली, रिकाम्या कपाळाची बाई माझ्या हातात होती. बाबांनी आयुष्यभर जिच्याविरुद्ध लिहिलं, ती हुबेहूब.

"परत काढू," मी म्हटलं. "आता, ऊन आहे तोवर. लाल लाव, काळी दिसेल, पण दिसेल. माझ्या पर्समध्ये नसेल, पण आपण कुंकू..."

आईने माझ्या हातातून पत्रा घेतला. कडांना धरून, जसं मी धरत होते तसं. तिने तो थोडा वाकवून बघितला. या पत्र्यात एका कोनातून फोटो दिसतो, दुसऱ्या कोनातून नुसता आरसा, आणि बघणाऱ्याचं तोंड. ती काही वेळ दोन्ही बघत राहिली, एकदा हे, एकदा ते.

"हीच," ती म्हणाली. "आरशात दिसते ती. फोटोत मी कधी अशी येत नाही."

बरोबरच होतं. हा फोटो आरशासारखाच उलटा. रोज सकाळी वॉशरूममध्ये तिला जी बाई भेटते, तीच यात होती.

"पण टिकली नाही दिसत, आई."

"लावली होती की नाही?"

"लावली होती."

"मग तुझी अट झाली." तिने पत्रा मालकिणीला परत दिला आणि इंग्रजीत म्हणाली, हाच डबीत घाला.

*

परतीच्या वाटेवर मी बोलत राहिले. भिंतीवर टांगायचा फोटो हा खासगी नसतो, तो बघणाऱ्यांना काहीतरी सांगतो. शंभर वर्षांनी कुणी हा पत्रा बघितला तर त्याला काय दिसेल. ज्या बाईने सगळी पत्रकं दुमडली तिचं स्वतःचं कपाळ असं पुसलेलं. आई बाहेर बघत होती. शेतांवर ऊन उतरायला लागलं होतं आणि बर्फ निळसर दिसत होता.

"तूच लिहिलंस ना," ती म्हणाली, "निळा उरत नाही म्हणून."

मी गाडी हळू केली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"तू ते वाचलं होतंस?"

"वाचल्याशिवाय सरळ बाजू कुठली ते कसं कळणार? उलटी घडी पडते." मग म्हणाली, "सगळी वाचलीत. त्यांची पण."

मी म्हटलं, म्हणजे तू मुद्दाम निळी लावलीस. ती म्हणाली, तूच म्हणालीस लाव. आणि कुठली ते मी बघेन म्हणाले होते, तू हो म्हणालीस.

"पण मग लावायचीच कशाला? दिसणारच नाही तर."

आईने टोपी काढून मांडीवर ठेवली. टिकली अजून कपाळावर होती. "पुण्याकडच्या बायका म्हणणार, अजून लावते कशी. तू म्हणणार, काढली कशी. त्यांच्या आणि तुझ्या मध्ये माझं कपाळ आहे गं. मला वाटलं, एकदा लावून बसावं, आणि कुणाला कळू नये."

मी सांगायचं ठरवलं की ते वाक्य मी जरा वाढवून लिहिलं होतं. निळा उरतो, फक्त फिका होतो. टिकली नाहीशी झाली ती निव्वळ त्या एका छटेमुळे. साडीइतकी फिकी असती तर चंद्रासारखी दिसली असती. सगळं सांगितलं. आई ऐकून घेऊन म्हणाली, "मग तुझं पत्रक चुकीचं होतं."

"थोडं."

"ह्यांचीही थोडी थोडी असायची," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत हसत होती, आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून.

घरी आल्यावर ती वर गेली. मी हात धुवायला गेले तेव्हा निळी टिकली परत आरशावर होती, वरच्या रांगेत.

माझं मत बदललेलं नाही. बाईचं कपाळ नवऱ्याच्या असण्या-नसण्याने रंगू नये, हे मला तेव्हा पटलेलं होतं आणि आता जास्त पटतं. बाबांचं ते पत्रक मी पुन्हा छापलं, पदराला खार लावून, आणि गणपतीला दाराशी उभी राहून वाटलं. लाडू गुंडाळले गेले. डबीतला पत्रा बैठकीच्या खोलीत आहे, बाबा आणि ती चार बोटं यांच्या शेजारी. येणारे लोक तो हातात घेतात, वाकवून बघतात, आणि म्हणतात, किती शांत दिसतात वहिनी. कुणी टिकलीबद्दल विचारत नाही. आई चहा आणायला आत जाते.

उन्हाळ्याच्या आधी मालकिणीने पत्रक परत काढायला सांगितलं. निळ्याचं वाक्य दुरुस्त करायचं होतं, कारण एक गिऱ्हाईक निळ्या डोळ्यांबद्दल काळजीत पडलं होतं. मी ते लिहायला बसले. निळा फिका पडतो, असं लिहिलं, खोडलं. बराच वेळ लागला. शेवटी मूळचं वाक्य तसंच ठेवलं, ठळक अक्षरातलं, आणि खाली साध्या अक्षरात एक ओळ घातली: ज्यांना तसंच हवं असेल त्यांनी खूशाल घालावा.

गठ्ठा घेऊन घरी आले. आईने वाटी काढली, पहिला कागद समोर घेतला आणि तो दुमडायच्या आधी सरळ धरून बघितला. मी फ्रिजपाशी उभी राहून पाणी पीत होते. तिची नजर वरून खाली गेली, एका जागी थांबली, पुढे गेली.

"खुशालमधला खु दीर्घ केलायस," ती म्हणाली, आणि वाटीचा काठ घडीवरून फिरवला.